सेन्सरचा हबशी संपर्क का तुटतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दार उघडल्याची नोंद घेणारा, हालचाल टिपणारा, तापमान सांगणारा किंवा सिंकखाली पाणी साचल्याची सूचना देणारा छोटा सेन्सर एखाद्या दिवशी ॲपमध्ये राखाडी होतो आणि त्यापुढे ‘ऑफलाइन’ असा शब्द येतो. म्हणजे हबला, सगळ्या सेन्सरांचे निरोप गोळा करून ॲपपर्यंत पोहोचवणाऱ्या पेटीला, त्याच्याकडून निरोप मिळेनासा झालेला असतो. असे झाले की बहुतेक जण एकच चूक करतात, आणि पहिला प्रश्न तिच्याविषयीच आहे. घरगुती सेन्सरांपैकी बरेचसे झिग्बी या कमी विजेत चालणाऱ्या बिनतारी पद्धतीवर चालत असल्यामुळे पुढील उत्तरांचा मोठा भाग झिग्बीला धरून लिहिला आहे. वाय-फाय, थ्रेड आणि झेड-वेव्ह या इतर बिनतारी पद्धतींबद्दलचे प्रश्न नंतर येतात.

सेन्सर ‘ऑफलाइन’ दिसतो. तो ॲपमधून काढून टाकून पुन्हा जोडावा का?

एवढ्यात नाही. सेन्सर काढून टाकला की त्याचा इतिहास आणि त्यावर बेतलेल्या सूचना अनेक प्रणालींमध्ये पुसल्या जातात, आणि बिघाड कुठे होता हे सांगणारा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. शिवाय पुन्हा जोडणी करताना आपण सेन्सर हबच्या शेजारी आणतो, तिथे तो लगेच जोडला जातो, आपले समाधान होते, आणि तो मूळ जागी परत चिकटवल्यावर दोन दिवसांत पुन्हा गप्प होतो, कारण मूळ जागेपासून हबपर्यंतच्या वाटेत जे बिघडले होते ते तसेच राहिलेले असते.

त्याऐवजी आधी एक गोष्ट पाहावी : गप्प झालेला सेन्सर एकटा आहे, की घराच्या एकाच बाजूचे तीन-चार मिळून गेले आहेत, की झाडून सगळे गेले आहेत? एकटा असेल तर संशय त्याच्या सेलवर, त्याच्या जागेवर किंवा खुद्द त्याच्यावर घ्यावा. एका बाजूचे सगळे गेले असतील, तर त्यांचे निरोप पुढे पोहोचवणारे मधले उपकरण बंद पडले आहे असे समजून शोध सुरू करावा. सगळेच गेले असतील, तर एकाही सेन्सरला हात लावू नये आणि हबकडे जावे. हे तीन पर्याय वेगळे करायला दोन मिनिटे पुरतात, आणि त्यांनी निम्मे काम होते.

सेन्सर खरोखरच तुटला आहे, की नुसता गप्प आहे, हे कसे ओळखावे?

सेलवर चालणारा सेन्सर दिवसातला बहुतेक वेळ झोपलेला असतो. त्याला सतत जागे ठेवले तर गोल सेल काही दिवसांतच संपेल, म्हणून काही घडल्यावर तो उठतो, निरोप देतो आणि पुन्हा झोपतो. मधूनमधून, पुष्कळ सेन्सरांच्या बाबतीत साधारण तासाभराने, तो ‘मी आहे’ एवढाच निरोप पाठवतो. दिवसभर बंद असलेल्या दाराचा सेन्सर काही कळवत नसेल, तर कळवण्यासारखे काही घडलेले नाही इतकाच त्याचा अर्थ असू शकतो.

‘ऑफलाइन’ हा शब्ददेखील सेन्सर उच्चारत नसतो. अमुक वेळ निरोप आला नाही म्हणून प्रणालीने काढलेला तो निष्कर्ष असतो, आणि ही मुदत प्रत्येक प्रणालीत निराळी असते. होम असिस्टंट या स्मार्ट घर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील झेडएचए हा झिग्बीचा भाग सेलवरच्या उपकरणाची सहा तास वाट पाहतो, तर विजेवरच्या उपकरणाची दोन तास. झिग्बी-टू-एमक्यूटीटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उपलब्धतेची तपासणी चालू केली, तर सेलवरच्या उपकरणाला २५ तासांची आणि विजेवरच्या उपकरणाला फक्त दहा मिनिटांची मुदत मिळते. त्यामुळे तोच सेन्सर एका प्रणालीत दुपारीच हरवलेला दिसेल आणि दुसरीत उद्यापर्यंत ठणठणीत.

याची खात्री करणे सोपे आहे. दार उघडून बंद करावे, हालचालीच्या सेन्सरपुढून चालत जावे, तापमानाचा सेन्सर मुठीत धरून दोन मिनिटे थांबावे. तेवढ्याने काही झाले नाही, तर सेन्सरवरचे बारीक बटण एकदाच, क्षणभर दाबावे. ते दाबून धरू नये, कारण बटण काही सेकंद दाबून धरल्यास बहुतेक सेन्सर जुनी जोडणी विसरून कोरे होतात.

ॲप बॅटरी ७० टक्के दाखवते. मग सेल बदलण्याची गरज काय?

हा टक्का फारसा विश्वासाचा नाही, आणि त्याचे कारण सेलच्या स्वभावात आहे. सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या गोल लिथियम सेलचा दाब (व्होल्टेज) आयुष्यातला बराच काळ जवळजवळ सपाट राहतो आणि अखेरीस एकदम कोसळतो. सेन्सर केवळ दाब मोजून टक्का काढत असल्यामुळे तो महिनोन्‌महिने सत्तरवर अडकून बसतो आणि मग एका आठवड्यात शून्यावर येतो. काही सेन्सर तर थेट शंभरावरून गायब होतात.

दुसरी अडचण अधिक लबाड आहे. झोपलेला सेन्सर जेमतेम काही मायक्रोअँपिअर विद्युतप्रवाह घेतो, पण निरोप पाठवण्याच्या क्षणी त्याला दहा-वीस मिलिअँपिअर लागतात. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, म्हणून नेमक्या त्या क्षणी दाब खाली बसतो, सेन्सरची चिप बंद पडते किंवा पुन्हा सुरू होते, आणि निरोप अर्धवट राहतो. क्षणभराने दाब पुन्हा वर येतो आणि मोजायला गेल्यास सेल चांगलाच वाटतो. म्हणून मल्टिमीटरने घेतलेले मोजमापही पूर्ण निर्णायक मानू नये. नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो, आणि २.८ च्या खाली उतरलेला सेल बहुधा संपत आलेला असतो, पण ३ दाखवणारा सेलसुद्धा दगा देऊ शकतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवलेला सेन्सर वारंवार हरवतो. त्यात फ्रिज म्हणजे धातूची पेटी, हे वेगळेच.

आमचा सल्ला असा की शंका आली की आधी सेल बदलावा आणि मग विचार करत बसावे. मात्र सेल नावाजलेल्या कंपनीचा आणि अलीकडच्या तारखेचा घ्यावा. दुकानात काचेखाली वर्षानुवर्षे पडलेले, पाच-पाचच्या पट्टीत स्वस्तात मिळणारे सेल घातल्यावर सेन्सर महिनाभरात पुन्हा गप्प होतो आणि दोष हबवर येतो.

सेल बदलला, तरी सेन्सर परत आला नाही. आता काय करावे?

सेल उलटा बसलेला नाही, त्यावरचा पारदर्शक कागद काढलेला आहे आणि आतली धातूची पट्टी सेलला नीट टेकते आहे, हे पाहावे. जुना सेल काढल्यावर नवा घालण्यापूर्वी बटण दोन-तीन वेळा दाबावे किंवा मिनिटभर थांबावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो आणि चिप खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होते. घाईत लगोलग सेल बदलला, तर अर्धवट अडकलेली चिप कधीकधी तशीच अडकून राहते.

त्यानंतरही सेन्सर आला नाही, तर पुन्हा जोडणी करावी, पण ॲपमधली जुनी नोंद न पुसता. झिग्बीच्या बहुतेक प्रणालींमध्ये नोंद तशीच ठेवून हबला जोडणीच्या स्थितीत आणता येते आणि मग सेन्सरचे बटण दाबून धरता येते. हब सेन्सरला त्याच्या कायमच्या पत्त्यावरून ओळखतो आणि जुने नाव, जुनी खोली, जुन्या सूचना जिथल्या तिथे राहतात. आणखी एक पथ्य : ही जोडणी शक्यतो सेन्सर आहे त्या जागीच करावी. हबजवळ जोडलेला सेन्सर हबलाच आपला पालक, म्हणजे ज्याच्याकडे निरोप द्यायचा ते उपकरण, मानतो, आणि नंतर लांब नेल्यावर नवा पालक शोधण्याचे काम काही सेन्सर फार आळसाने करतात.

एकाच बाजूच्या खोल्यांमधले सगळे सेन्सर एकदम गेले. असे का होते?

झिग्बीमध्ये विजेवर चालणारे प्लग, बल्ब आणि स्विच बहुधा इतरांचे निरोप पुढे नेण्याचे काम करतात. सेलवरचे सेन्सर हे काम करत नाहीत. त्यामुळे मागच्या बेडरूममधला सेन्सर थेट हबशी बोलत नसून पॅसेजमधल्या स्मार्ट प्लगशी बोलत असतो आणि तो प्लग त्याचा निरोप हॉलमधल्या हबपर्यंत पोहोचवतो. प्लग काढला की त्याच्या आधारावर असलेले सगळे सेन्सर एकदम अनाथ होतात.

आपल्या घरांमध्ये हे सतत घडते, कारण आपल्याकडे प्रत्येक पॉइंटला बटण असते. स्मार्ट बल्ब ॲपमधून बंद केला तरी त्याला वीज मिळत राहते आणि तो निरोप पुढे नेत राहतो. पण झोपण्यापूर्वी सवयीने बोर्डावरचे बटण बंद करणाऱ्या घरात तो बल्ब रोज रात्री जाळ्यातून बाहेर पडतो. त्यात बटण बंद करणाऱ्या व्यक्तीची चूक काहीच नाही. बटण बंद करणे हा दिवा मालवण्याचा तिचा आयुष्यभराचा मार्ग आहे, आणि घरातल्या ज्येष्ठांना तो सोडायला सांगण्यापेक्षा निरोप नेण्याचे काम बल्बांवर न सोपवणे शहाणपणाचे ठरते. दिवाळीची साफसफाई, रंगकाम, मिक्सर लावण्यासाठी मोकळा केलेला पॉइंट, पाहुण्यांच्या फोनचे चार्जर अशा कारणांनी निघालेला प्लग तर कुणाच्या लक्षातही राहत नाही.

म्हणून या कामासाठी दोन-तीन प्लग राखून ठेवावेत, त्यांना कुणी सहसा हात लावणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे फ्रिजच्या मागे, टीव्ही युनिटच्या आत किंवा पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या पॉइंटवर लावावे आणि बटणावर ‘बंद करू नये’ अशी चिकटपट्टी लावावी. ही चिकटपट्टी दिसायला गावठी वाटते, पण संपर्क तुटण्याच्या तक्रारी तिच्याइतक्या कशानेच कमी होत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

भिंतीतल्या स्मार्ट स्विचांबद्दल एक सावधगिरी बाळगावी. जुन्या घरांतल्या काही बोर्डांमध्ये न्यूट्रलची तार आणलेली नसते, आणि तशा जागी चालणारे बिनन्यूट्रलचे झिग्बी स्विच पुष्कळदा स्वतःपुरतेच बोलतात, दुसऱ्याचा निरोप पुढे नेत नाहीत. आठ स्विच बसवले म्हणून आठ आधार मिळाले असे गृहीत धरू नये. खरेदीपूर्वी इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून न्यूट्रल आहे का, ते पाहून घ्यावे.

हब कुठे ठेवावा?

घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, छातीच्या उंचीच्या आसपास. प्रत्यक्षात तो जिथे वाय-फायचा राउटर असतो तिथे, म्हणजे मुख्य दारावरच्या कोपऱ्यात किंवा टीव्हीच्या मागे ठेवला जातो, आणि पुढची सगळी दुखणी तिथून सुरू होतात. झिग्बीच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना नऊ इंची विटांची एक भिंत पार करता येते, दोन भिंतींपलीकडे त्या क्षीण होतात, आणि सळयांचे जाळे असलेला काँक्रीटचा खांब किंवा स्लॅब त्यांना बराच अडवतो. लोखंडी कपाट, पत्र्याचे सेफ्टी डोअर, आरसा आणि पाण्याने भरलेली टाकी यांची गणना भिंतींपेक्षा वाईट अडथळ्यांत करावी. लोखंडी दारावर थेट चिकटवलेल्या सेन्सरच्या अँटेनावरच धातूचा परिणाम होतो. अशा ठिकाणी मध्ये एक-दोन सेंटिमीटर जाडीचा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा बसवल्यास फरक पडतो.

हब म्हणून संगणकाला किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला लावलेली झिग्बीची यूएसबी कांडी वापरणाऱ्यांनी ती थेट खाचेत खुपसू नये. यूएसबी ३ ची खाच, तिची केबल आणि तिला जोडलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण करतात, हे इंटेलने २०१२ मध्येच एका टिपणात सविस्तर मांडले आहे. शक्यतो यूएसबी २ ची खाच घ्यावी आणि कांडी एक-दीड मीटर लांबीच्या वाढीव केबलने संगणकापासून दूर न्यावी. शे-दोनशे रुपयांच्या या केबलने सुटलेला प्रश्न लोक महिनोन्‌महिने नवे सेन्सर विकत घेऊन सोडवायचा प्रयत्न करत असतात.

वाय-फायमुळे झिग्बी सेन्सर तुटतात का? चॅनेल कसा निवडावा?

तुटतात, कारण दोघेही एकाच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात आणि वाय-फायचा आवाज मोठा असतो. राउटर साधारण १०० मिलिवॉटपर्यंत शक्ती वापरतो, तर सेलवरचा सेन्सर १ ते १० मिलिवॉटच्या दरम्यान बोलतो. लग्नाच्या बँडशेजारी उभे राहून कुजबुजण्यासारखेच ते आहे.

या पट्ट्यात झिग्बीचे ११ ते २६ असे सोळा चॅनेल आहेत आणि त्यांच्यात प्रत्येकी ५ मेगाहर्ट्‌झचे अंतर आहे. ११ वा चॅनेल २४०५ मेगाहर्ट्‌झवर आहे आणि २६ वा २४८० वर. वाय-फायचा चॅनेल २० मेगाहर्ट्‌झ रुंद असतो, म्हणून वाय-फायचा १ ला चॅनेल झिग्बीचे ११ ते १४ व्यापतो, ६ वा चॅनेल १६ ते १९, आणि ११ वा चॅनेल २१ ते २४. त्यांच्यामधल्या फटींत १५ आणि २० येतात, तर २५ आणि २६ वरच्या टोकाला मोकळे राहतात. क्रमांक दोन्हीकडे सारखे दिसले तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे ध्यानात ठेवावे. वाय-फायचा ११ आणि झिग्बीचा ११ हे एकमेकांपासून सर्वांत लांब असलेल्या शेजाऱ्यांसारखे आहेत.

यातून निघणारा व्यावहारिक मार्ग असा : आधी राउटरचा २.४ गिगाहर्ट्‌झचा चॅनेल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ वर पक्का करावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवावी. राउटर ‘ऑटो’वर असेल तर आज मोकळा असलेला झिग्बी चॅनेल उद्या झाकला जातो, आणि ४० मेगाहर्ट्‌झची रुंदी घेतली तर वरच्या फटी बुजतात. त्यानंतर झिग्बीसाठी १५, २० किंवा २५ निवडावा. २६ वा मोकळा असला तरी तिथे काही उपकरणे कमी शक्तीने बोलतात आणि काही मुळीच बोलत नाहीत, म्हणून तो टाळलेला बरा. फिलिप्स ह्यू या स्मार्ट दिव्यांचा ब्रिज, म्हणजे त्यांचा हब, तर ११, १५, २० आणि २५ एवढेच चॅनेल वापरतो. इमारतीत शेजारच्या दहा राउटरांचा गजबजाट असतो हे खरे, पण ते भिंतीपलीकडे आहेत. घातक ठरतो तो हबला चिकटून ठेवलेला आपलाच राउटर, आणि त्या दोघांना दीड-दोन मीटरने वेगळे करणे हे चॅनेल बदलण्याहून सोपे आणि अनेकदा अधिक गुणकारी असते.

चॅनेल बदलल्यावर काही सेन्सर आलेच नाहीत.

चॅनेल बदलत असल्याची घोषणा हब एकदाच करतो आणि त्या वेळी झोपलेल्या सेन्सरांना ती ऐकू येत नाही. त्यांतले बरेचसे जुना चॅनेल ओस पडल्याचे कळल्यावर शोधत शोधत येतात, त्यासाठी एक दिवस द्यावा. उरलेल्यांची जोडणी नोंद न पुसता पुन्हा करावी. हे काम सुट्टीच्या दिवशी काढावे.

वीज जाऊन आल्यानंतर निम्मे सेन्सर दिसेनासे होतात. हे कसे टाळावे?

वीज जाते तेव्हा सेलवरचे सेन्सर चालूच असतात, पण हब आणि निरोप नेणारे प्लग बंद पडतात. सेन्सर पालकाला हाका मारतात, उत्तर येत नाही, आणि काही वेळाने सेल वाचवण्यासाठी हाकांमधले अंतर वाढवत जातात. वीज दहा मिनिटांत आली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चार तासांनी आली तर काही सेन्सर इतके सुस्तावलेले असतात की त्यांना परत यायला पुढचे कित्येक तास लागतात. या काळात घाईने पुन्हा जोडणी करू नये. रात्री वीज आली असेल तर सकाळपर्यंत थांबावे आणि तोवर न आलेल्यांचे बटण एकदा दाबावे.

घरात इन्व्हर्टर असेल तर हब आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का, ते पाहावे. बहुतेक घरांत इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे असतात, पण टीव्हीमागचा पॉइंट नसतो, आणि हब नेमका तिथे असतो. निरोप नेणारा निदान एक प्लगही त्याच लाइनवर असावा, नाहीतर हब जागा राहतो आणि मागच्या खोल्या तरीही तुटतात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस उपयोगी पडतो, मात्र हबला १२ व्होल्ट लागतात की ५, हे त्याच्या ॲडॉप्टरवर वाचल्याशिवाय पिन लावू नये. चुकीच्या दाबाने हब जळतो, आणि त्यावर मग कोणताही उपाय लागू पडत नाही.

वीज आल्यावर हब राउटरच्या आधी सुरू होतो आणि इंटरनेट न मिळाल्याने रुसून बसतो, असाही प्रकार आढळतो. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर हब एकदा बंद करून चालू करावा.

पावसाळ्यात दाराचा सेन्सर वारंवार बिघडतो. ओलाव्याने संपर्क तुटतो का?

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात हा प्रश्न जूनपासून सुरू होतो, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. पहिली गोष्ट संपर्काची नसतेच : लाकडी दार पावसात फुगते, चौकटीत पूर्ण बसत नाही, आणि सेन्सर व चुंबक यांच्यातली फट वाढते. बहुतेक सेन्सरांना ही फट दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत चालते. त्यापुढे दार ‘उघडे’ दिसते आणि तसेच दिसत राहते. सेन्सर अडकला असे घरच्यांना वाटते, पण तो खरे तेच सांगत असतो. चुंबकाखाली दुपदरी चिकटपट्टीचा आणखी एक थर दिला की काम होते.

दुसरी गोष्ट खऱ्या ओलाव्याची. सेलच्या पट्टीवर हिरवट-पांढरा थर चढतो आणि सेल नवा असूनही वीज पोहोचत नाही. सेल काढून पट्टी पेन्सिलीच्या खोडरबराने घासावी, कोरड्या कापडाने पुसावी आणि सेल पुन्हा बसवावा. गच्चीवरच्या टाकीजवळ किंवा उघड्या गॅलरीत घरातला सेन्सर लावू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तर मुळीच नाही, कारण पिशवीच्या आत पाणी धरते.

काही सेन्सर ठरावीक दिवसांनी हटकून जातात, बाकीचे मात्र वर्षभर टिकतात.

सगळे झिग्बी एकाच शिस्तीचे नाही. शाओमी आणि अकारा या कंपन्यांचे जुने सेन्सर याबाबतीत विशेष प्रसिद्ध आहेत. ते ठरलेल्या रीतीपेक्षा कमी वेळा हाक देतात, काही कंपन्यांचे प्लग त्यांना मेलेले समजून आपल्या यादीतून काढतात, आणि सेन्सरला ते बराच काळ कळतही नाही. दोष एकाचा म्हणता येत नाही, पण त्रास खरा आहे. अशा सेन्सरांना ज्यांच्याशी पटते असे प्लग त्यांच्या आसपास ठेवावेत आणि जोडणी करताना हबमध्ये सोय असल्यास नेमक्या त्या प्लगमार्फतच प्रवेश खुला करावा.

राउटर बदलल्यावर वाय-फायचे सगळे सेन्सर गेले.

नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षरशः तसाच, लहान-मोठ्या अक्षरांसकट, द्यावा. बहुतेक सेन्सर आपोआप परततात. न परतल्यास दोन गोष्टी पाहाव्यात : असे सेन्सर बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, म्हणून तो पट्टा चालू असला पाहिजे, आणि सुरक्षेसाठी केवळ डब्ल्यूपीए३ निवडलेले असेल तर जुन्या चिप्सना आत येता येत नाही, म्हणून डब्ल्यूपीए२ला मुभा हवी. फायबर जोडून देणारा कर्मचारी राउटर त्याच्या पद्धतीने लावून जातो. तो निघण्यापूर्वीच त्याला जुने नाव सांगितलेले बरे.

मॅटर आणि थ्रेडचे सेन्सर या कटकटीतून सुटले आहेत का?

पूर्णपणे नाही. मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, पण मॅटर ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याची भाषा आहे. सेलवरचे सेन्सर ती सहसा थ्रेडच्या जाळ्यावर बोलतात, आणि थ्रेडही झिग्बीच्याच पट्ट्यात, त्याच सोळा चॅनेलांवर चालते. सेल, भिंती आणि वाय-फाय यांबद्दल वर सांगितलेले सारे इथेही लागू आहे. भर पडते ती एका गोष्टीची : घरात दोन कंपन्यांचे स्पीकर किंवा हब असतील तर ते दोन स्वतंत्र थ्रेड जाळी उभी करू शकतात आणि एकमेकांना मदत करत नाहीत. ही जाळी एकत्र आणण्याची प्रमाणित रीत २०२४ च्या थ्रेड १.४ मध्ये आली, परंतु जुन्या उपकरणांपर्यंत ती अद्ययावत आवृत्तीमार्फतच पोहोचते. राउटरमध्ये आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलेले असले, तर त्यामुळेही असे सेन्सर अधूनमधून हरवतात. सेन्सर चिकटवण्यापूर्वीच त्यावरच्या ११ आकडी जोडणी क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, कारण तो पुष्कळदा नेमक्या भिंतीकडच्या बाजूला छापलेला असतो.

अमेरिकेहून आणलेला झेड-वेव्ह सेन्सर इथल्या हबला जोडलाच जात नाही.

तो जोडला जाणारही नाही. झेड-वेव्हची वारंवारता देशागणिक बदलते : भारतात ८६५.२, युरोपात ८६८.४ आणि अमेरिकेत ९०८.४ मेगाहर्ट्‌झ. सोबत अमेरिकेतला हब आणला तर दोघे एकमेकांशी बोलतील, पण ती वारंवारता इथे या कामासाठी खुली नाही. भाच्याने प्रेमाने आणलेली भेट त्याच्याबरोबर परत पाठवावी आणि पुढच्या वेळी झिग्बीचा सेन्सर मागवावा, कारण त्याचा पट्टा सगळीकडे सारखाच आहे.

आई-बाबा पुण्यात एकटे असतात आणि मी परदेशातून सेन्सर पाहतो. संपर्क तुटला हे दुरून कसे कळावे?

अशा घरात सेन्सरपेक्षा हबवर लक्ष ठेवावे. हब दिसत नाही आणि सगळे सेन्सर एकाच क्षणी गप्प झाले आहेत, असे असेल तर वीज किंवा इंटरनेट गेले आहे, आणि घाबरून रात्री दोन वाजता शेजाऱ्यांना फोन करण्याचे कारण नाही. हब दिसतो आहे आणि फक्त स्वयंपाकघरातला हालचालीचा सेन्सर सकाळपासून गप्प आहे, तेव्हा मात्र आधी आई-बाबांना फोन करावा आणि सेलचा विचार नंतर करावा. घरात रोज बदलणारे काहीतरी मोजणारा सेन्सर, उदाहरणार्थ तापमानाचा, प्रत्येक खोलीत एक ठेवला तर त्या खोलीपर्यंतची वाट शाबूत आहे की नाही, हे कळत राहते.

हब दुरून बंद-चालू करता यावा म्हणून तो स्मार्ट प्लगवर लावण्याची कल्पना चांगली आहे, फक्त तो प्लग त्याच हबवर अवलंबून नसावा. त्याच हबवरचा प्लग लावणाऱ्यांना हब एकदा बंद करता येतो, पुन्हा चालू करता येत नाही. प्रत्येक सेन्सरच्या मागे मराठीत ‘बेडरूमची खिडकी, सीआर२०३२, सेल मार्चमध्ये बदलला’ असे लिहून चिकटवावे, म्हणजे फोनवरून ‘तो पांढरा डबा नाही, दुसरा पांढरा डबा’ हा संवाद टळतो. गॅसगळती आणि धूर यांसाठी मात्र स्वतः मोठ्याने वाजणारेच यंत्र घ्यावे. हबचा संपर्क तुटल्यावर जे मुके होते, त्यावर जीव सोपवू नये.

सेन्सरच सदोष आहे असे कधी म्हणावे?

नवा सेल घालून, सेन्सर कोरा करून, हबपासून एक-दोन मीटरवर उघड्यावर ठेवून तो तीन दिवस पाहावा. त्याच हबवर दुसरा तसाच सेन्सर शेजारी ठेवता आला तर फारच उत्तम. दुसरा टिकला आणि हा गेला, तर दोष याचा आहे. सेवा केंद्राला लिहिताना सेल कधी बदलला, हबवरची आवृत्ती कोणती, चॅनेल कोणता आणि सेन्सर कोणत्या दिवशी किती वाजता गेला, हे कळवावे आणि सोबत बिल जोडावे. हमीची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे ही तीन दिवसांची चाचणी मुदत संपायच्या आठवड्यात न करता आधीच उरकावी.